मायच्या दोऱ्यांची पिशवी

कपडा जसा मिळाला तसा अंगावर घालणं मला कधी जमलं नाही. शाळेत असताना पांढऱ्या पोलक्याला मी आतून खिसा लावला होता. बाहेरून लावला असता तर बाई ओरडल्या असत्या. चिंचोके दगडावर घासून, तापवलेल्या सुईने त्यांना भोकं पाडून मी बटणं केली होती. धुतल्यावर ती फुगत आणि काजातून निघत नसत. मग पोलकं डोक्यावरून ओढून काढावं लागे. वेणीत रिबिनीऐवजी जुन्या लुगड्याचा चिरलेला काठ. मैत्रिणी हसत, आणि आठवड्याने त्यांच्यातली एखादी तसाच काठ बांधून येई. तोवर माझं मन त्यातून उडालेलं असे.

अमडापूरपासून तीन मैलांवर आमचं गाव. विहिरीवर वांगी-मिरची, बाकीच्या वावरात ज्वारी आणि कपाशी. घरात बा, माय, मोठा भाऊ, वहिनी, त्यांचा लहान मुलगा आणि मी. महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी मॅट्रिक पास झाले तेव्हा आमच्या घरात मॅट्रिक झालेलं दुसरं कोणी नव्हतं. माय तर अक्षराला अक्षर जोडू शकत नव्हती. चिखलीला लांबच्या नात्यातली एक आत्या राहत होती. तिच्याकडे राहून मी कॉलेजात जावं, असं शाळेतल्या गुरुजींनी घरी येऊन बाला पटवलं. बाने मान्य केलं, पण गुरुजी गेल्यावर मला समोर बसवून सांगितलं.

"शिक. मी नाई म्हनत नाई. पन तुह्यापायी घरावर बोल आला, तं त्याच दिवशी चिखलीले येईन अन् तुले घेऊन येईन. मंग वावर आहे अन् तू आहे."

त्या उन्हाळ्यात हे वाक्य माझ्या मागे मागे फिरत होतं. मी विहिरीवर जायची, परत यायची, घर झाडायची, झाडलेलं पुन्हा झाडायची. कॉलेज उघडायला दीड महिना होता. हाताला काम हवं म्हणून मी पिशवी शिवायला घेतली. पुस्तकांसाठी खांद्यावर घ्यायची पिशवी, पण कोणाकडे नसेल अशी. गावातल्या शिंपीकाकांच्या मशीनखाली पडलेल्या चिंध्या मी परातभर गोळा करून आणल्या. सदऱ्याची पट्टी, धारीदार लेंग्याचा तुकडा, कोणाच्या तरी झबल्याचं पिवळं कापड. सगळं हाताने जोडलं. जोडून झाल्यावर ते गोधडीसारखं दिसायला लागलं. त्यावर रंगीत दोऱ्याचं काम हवं होतं, आणि गावातल्या दुकानात पांढरं रीळ आणि काळं रीळ, एवढंच मिळत होतं.

मायची आहेराची पेटी माळवदाच्या खोलीत कोपऱ्यात असे. आहेर म्हणजे लग्नात, बारशात, तेरवीत एकमेकांना द्यायचे कपडे. आमच्याकडे आलेले चोळीचे खण, टोप्या, उपरणी सगळं त्या पेटीत जाई, आणि पुढच्या कोणाच्या कार्यात त्यातलंच काही बाहेर निघे. सगळ्याच घरांत तसं चाले. आलेला खण शिवून अंगात घातला असं क्वचितच. तो या घरातून त्या घरात फिरत राही.

एका दुपारी माय मिरची तोडायला गेलेली असताना मी पेटी उघडली. खण घ्यायचा माझा विचार नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मला फक्त बघायचं होतं. प्रत्येक खणाच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा एक लांब फास होता. लाल, हिरवा, जांभळा, हळदीचा पिवळा. जुन्या लुगड्यांच्या काठांतून उसवून काढलेले, पीळ देऊन दुहेरी केलेले दोरे. काहींना एक गाठ, काहींना दोन, काहींना तीन. मला वाटलं, दुकानदार घडी बांधायला दोरा घालतो तसंच हे काहीतरी. मी सगळे काढून घेतले. चौदा-पंधरा खण असतील. पुन्हा घड्या घातल्या, पूर्वीपेक्षा नीट घातल्या, रंगाला रंग लावून ठेवले. पेटी बघून मलाच बरं वाटलं.

त्या दोऱ्यांची मी पिशवीवर वेल काढली. गाठी सोडवल्या नाहीत. त्या कपड्यावर बियांसारख्या उठून दिसत होत्या. पिशवीच्या तोंडाला चिंचोक्याचं बटण लावलं.

वैशाखात वहिनीच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं, उंद्रीला. वहिनीची आई म्हणजे मायची विहीण. मी तिला मावशी म्हणत असे. उंच, पान खाणारी, आणि कोणाचं बोलणं उधार न ठेवणारी बाई. आदल्या दिवशी मायने तिच्या ओटीसाठी खण काढायला पेटी उघडली. मी दारात उभी होते. माय पेटीपुढे बसली, एक घडी उचलली, कोपरा चाचपला, ठेवली. दुसरी उचलली, कोपरा चाचपला. मग सगळेच कोपरे चाचपले.

"पेटीले कोनी हात लावला काय वं?"

मला तेव्हाही नीट समजलं नव्हतं. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. बाचं वाक्य आठवलं.

"नाई," मी म्हणाले.

मायने सगळे खण पुन्हा एकदा उलटसुलट करून पाहिले. मग मोरपंखी रंगाचा एक खण तिने बाजूला काढला.

दुसऱ्या दिवशी उंद्रीच्या मांडवात, बायकांच्या घोळक्यात, मायने विहिणीची ओटी भरली. मावशीने खण उचलला, काठ बोटांमधून सरकवत नेला आणि एका जागी थांबली. तिथे विणीत एक धागा चुकला होता.

"हा तं मीच आनला होता," ती म्हणाली. आवाज मुद्दाम चढवला नव्हता, पण आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या. "नातवाच्या बारशाले. खामगावच्या बाजारातून. काठ चुकला म्हनून दुकानदाराशी भांडली बी होती मी. आमचंच आमाले फिरवून आनलं का, इहीनबाई?"

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "घरात लई झाले असतीन, ध्यान राह्यलं नसन." मायने पदर सारखा केला. जेवताना तिच्या ताटातलं तसंच राहिलेलं मी पाहिलं. ज्याने दिलं त्याचंच त्याला परत देणं म्हणजे तुमचं आम्हाला नको, किंवा तुमची आम्हाला आठवणही नाही. आमच्याकडे यापेक्षा मोठा अपमान बायका बायकांचा करत नाहीत.

परतताना बैलगाडीत बा मायला एकदाच बोलला. "येवढं साधं काम. येवढं बी तुले समजत नाई. लोक म्हनतीन अडानी ते अडानीच."

वहिनी बाहेर बघत होती. घरी आल्यावर ती सासूशी कामापुरतं बोलू लागली, आणि चार दिवसांनी कामापुरतंही नाही. भांडी ठेवल्याचा आवाज मात्र वाढला.

अडाणी हा शब्द मला झोंबला, कारण दोरे कशासाठी होते ते मांडवातच माझ्या लक्षात आलं होतं. लिहिता येत नसलेल्या मायने प्रत्येक खणावर नोंद करून ठेवली होती आणि ती मी उसवून त्याची वेल काढली होती. घरात सगळ्यात जास्त शिकलेली मी.

पुढचा आठवडा मी कुठे बसले आणि कुठे उठले ते आठवत नाही. सांगितलं तर कॉलेज जाणार. नाही सांगितलं तर माय त्या शब्दासकट तशीच राहणार. मी एक मधला मार्ग काढायचा प्रयत्न केला. घरी कोणी नसताना पेटी उघडली, पिशवी शेजारी घेतली, आणि वेल उसवून दोरे पुन्हा कोपऱ्यांत घालायचे ठरवलं. पहिला लाल दोरा अर्धा निघाला तिथेच थांबले. हा कोणत्या खणाचा? लाल दोरे चार होते. दोन गाठींचे कोणते, तीनचे कोणते, मला काही आठवत नव्हतं. मॅट्रिकला गणितात चांगले मार्क होते. सगळे खण मांडून मी त्यांच्याकडे बघत बसले, आणि पायाला मुंग्या आल्या तशी उठून सरळ मळ्यात गेले.

माय वाफ्यात बसून निंदत होती. मी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली.

तिने आधी हात लुगड्याला पुसले. मग वेलीवरून बोट फिरवू लागली. मी बोलायला तोंड उघडलं, पण ती ऐकत नव्हती. ती वाचत होती.

"हा हिरवा तुह्या मामाचा. एक गाठ, म्हंजे लग्नातला. हा पिवळा अमडापूरचा. तीन गाठी, तुह्या आजीच्या तेरवीचा." बोट अर्ध्या निघालेल्या लाल दोऱ्यावर आलं. "हा उंद्रीचा. दोन गाठी. बारशाचा."

मग तिने विचारलं, "त्या दिवशी नाई काऊन म्हटलं?"

"बा कॉलेजात जाऊ देनार नाई म्हनून."

"हूं," ती म्हणाली आणि विळा उचलला. दोन सरी निंदून झाल्यावर, मान वर न करता, "त्यायले तूच सांग. मी सांगनार नाई."

मी संध्याकाळी बाला सांगितलं. वहिनी चुलीपुढे होती, तिच्या हातातली भाकरी थापायची थांबली. बा मला ओरडला नाही. त्याने मायकडे पाहिलं, आणि नजर लगेच काढून घेतली.

"बोल तं आला घरावर," तो म्हणाला. "बोलनारी उंद्रीत आहे. तिच्याकडं जाय. तिनं मनातलं काढलं तं चिखली. नाई तं पेरनीले तू माह्यासंगं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने माय आणि मी उंद्रीला गेलो. रस्ता फारसा नव्हता, पण मी तीनदा जागा बदलली. माय म्हणाली, "बस नं वं एका जागी."

मावशी ओसरीत अडकित्त्याने सुपारी कातरत होती. आम्हाला पाहून तिने पाटही सरकवला नाही.

"काऊन आल्या? आनखीन काही वापस द्यायचं राह्यलं काय?"

मी उभ्यानेच सांगितलं. दोरे, पेटी, पिशवी, मायशी बोललेलं खोटं. सांगताना मी पिशवीचा पट्टा इतका पिळत होते की त्याची शिवण सुटली. मावशीने पिशवी मागून घेतली, आतबाहेर केली, टाके नखाने ओढून पाहिले.

"हे बटन कायचं?"

"चिंचोक्याचं."

"पान्यात फुगत नाई?"

"फुगते."

"मंग काऊन लावलं?"

"चांगलं दिसते म्हनून."

ती मायकडे वळली. "अशी पोरगी घरात अन् तुमी पेटीले कुलूप नाई लावत, इहीनबाई?"

"घरच्या मानसाले कुलूप लावत असतेत काय?" माय म्हणाली. त्या दिवसानंतर ती विहिणीशी पहिल्यांदाच बोलली होती.

मावशी उठून आत गेली. आत पेटीचं झाकण वाजलं. ती आता आम्हाला आणखी काय दाखवते म्हणून मी आतल्या दाराकडे बघत राहिले. ती तोच मोरपंखी खण आणि कातर घेऊन आली, आणि माझ्यासमोर खणाच्या मधोमध कातर चालवली. कोरा, न वापरलेला खण होता. माय अर्धी उठलीच.

"आता हा कोनाच्याच घरी जात नाई," मावशी म्हणाली. "घे. मले पानाची चंची शिव. सात कप्प्याची. पानाचा येगळा, कात येगळा, चुना येगळा. दुसऱ्याचे दोरे उपटता येते तं चंचीबी येत असन. दुपारच्या गाडीच्या आत पाह्यजे."

चंची मी कधी शिवली नव्हती. तिची जुनी, चुन्याने कडक झालेली चंची समोर ठेवून मी बसले. चार कप्पे बरे झाले. पाचवा तिरका गेला, उसवला. सहाव्याला दोरा संपला, तेव्हा मायने स्वतःच्या लुगड्याच्या काठातून एक लाल धागा ओढून दिला. मावशी आणि माय तोवर पानं लावत, लग्नात कोणी काय नेसलं होतं यावर बोलायला लागल्या होत्या. माझं लक्ष त्यांच्यात नव्हतं. गाडीची वेळ आणि सातवा कप्पा, एवढंच मला दिसत होतं. सातवा मी आतून लावला, माझ्या शाळेच्या पोलक्याच्या खिशासारखा.

मावशीने तो शोधून काढला. त्यात बोट घातलं. "हा कायले?"

"कोनाले दाखवायचं नसन ते ठेवाले."

ती हसली नाही. चंची कमरेला खोचली आणि म्हणाली, "जा, गाडी निघन." कॉलेजचं नाव तिने काढलं नाही. आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

गाडीची वाट बघताना मी मायला म्हणाले, "तिनं हाव तं म्हटलंच नाई. बाले काय सांगायचं?"

"खन कापला नं तिनं," माय म्हणाली. "आनखीन काय म्हनन?"

बाने संध्याकाळी विचारलं. मायने सांगितलं, "तिनं खन कापला." तो म्हशीला पाणी दाखवायला गेला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

त्या रात्री वहिनीने सासूचं ताट स्वतः वाढलं, एवढं मी पाहिलं. पुढचे पंधरा दिवस मायने मला पेटीपुढे बसवलं. ती एकेक खण उचलून कोणाचा, कशातला ते सांगे, आणि गाठ मी मारायची. माझी गाठ सैल असली की ती पुन्हा मारायला लावी. जुने दोरे तिने परत मागितले नाहीत.

जूनमध्ये मी चिखलीच्या गाडीत बसले. बा स्टँडपर्यंत आला, माझी वळकटी टपावर चढवली, आणि गाडी सुटायच्या आत परत फिरला. जा म्हणाला नाही. म्हणून कॉलेजची सगळी वर्षं, बा कधीही न्यायला येईल अशा धास्तीने, मी अर्ध्या पायावर काढली. आत्याच्या दारात गावाकडचं कोणी दिसलं की पिशवी ओढून घ्यायची आणि वेलीवर बोट ठेवायची. लाल, दोन गाठी, उंद्री. हिरवा, एक, मामा. बा आला का हे विचारायच्या आधी एवढं म्हणून व्हायचं.

तो आला एकदाच, शेवटच्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी. आत्याच्या ओसरीवर टेकला आणि पिशवीकडे बघून म्हणाला, "हे बटन तुटलं तुहं." मी त्याच्यापुढे बसूनच नवा चिंचोका घासायला घेतला.