धर्मीबाईंच्या श्वासातला हायड्रोजन

“फुंका मावशी. हळूहळू, पण थांबू नका. अजून... अजून... झालं.”

धर्मीबाईंनी नळी तोंडातून काढली. मशीनच्या छोट्या स्क्रीनवर आकडा उमटला. तो बघून मी ग्लुकोजच्या पाण्याचा ग्लास तसाच टेबलावर ठेवून दिला. टेस्ट सुरू व्हायच्या आधीच एवढा हायड्रोजन? अजून तर त्यांना काही प्यायलाही दिलं नव्हतं.

“काल संध्याकाळी काय जेवलात?”

“तुमी सांगलं तेच. भात.”

“नुसता भात?”

“नुसताच.”

त्यांची सून सविता शेजारी बसली होती. ती वर पंख्याकडे बघायला लागली.

“सविता?”

“मॅडम, काल शेजारी हळद होती. भात होता, पण भातावर वालाचं बिरडं पण होतं.”

“वाईच होतं,” धर्मीबाई म्हणाल्या. “हलदीच्या घरशी उपाशी येवाचं काय?”

टेस्ट रद्द. आदल्या दिवशी कडधान्य पोटात गेलं, की दुसऱ्या दिवशीच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. का, ते सांगते.

माणसाचं शरीर स्वतः हायड्रोजन बनवत नाही. तो बनवतात आतड्यातले जिवाणू. त्यांना साखर किंवा न पचलेलं पिठूळ अन्न मिळालं, की ते आंबवतात, वायू सुटतो, त्यातला थोडा रक्तात जातो आणि श्वासावाटे बाहेर येतो. हे जिवाणू मोठ्या आतड्यात भरपूर असतात आणि तिथे असायलाच हवेत. आदल्या रात्रीचे वाल ते सकाळपर्यंत आंबवत बसतात. लहान आतड्यात मात्र त्यांची वस्ती विरळ असते. ग्लुकोज लहान आतड्याच्या सुरुवातीलाच शोषलं जातं. त्यामुळे ग्लुकोजचं पाणी पिऊन थोड्या वेळात श्वासातला हायड्रोजन वर चढला, तर संशय घ्यायचा, की जिवाणूंनी नको तिथे बिऱ्हाड केलंय.

मी तेव्हा नवीन पनवेलच्या एका हॉस्पिटलमध्ये पोटविकारांची डॉक्टर होते. सायन-पनवेल रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, त्या काळातली ही गोष्ट. अर्धे पेशंट उशिरा यायचे आणि सगळे रस्त्याला शिव्या देत यायचे. धर्मीबाई ओवे गावाहून सविताच्या स्कूटरवर मागे बसून यायच्या, आणि नेहमी वेळेवर.

धर्मीबाई धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पुढचे विधी जी बाई गाणी म्हणत पार पाडते, ती धवलारीण. पुस्तक नसतं. सगळी गाणी पाठ, आईकडून मुलीकडे आलेली. घरातल्या माणसांची नावं त्या त्या जागी गुंफायची. एकदा बैठक मारली, की उठायचं नाही.

आणि धर्मीबाईंना उठावं लागत होतं.

“सकालचा पोट सपाट असतंय,” त्यांनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं. “दोन घास खाल्लं का फुगला. लुगडं सोडून परत नेसावं लागतंय. आन मंग धाव मोरीकडं.”

एका लग्नात त्या गाणं अर्ध्यावर टाकून उठल्या होत्या. नवरीकडच्या बायकांत कुजबुज झाली, अपशकुन म्हणून. पुढच्या लग्नाला त्या आदल्या दिवसापासून उपाशी राहिल्या आणि मांडवातच चक्कर येऊन बसल्या. त्यानंतर त्यांनी लग्नाच्या सुपाऱ्या घेणंच बंद केलं. रक्त, शौच, थायरॉइड, कोलोनोस्कोपी सगळं करून झालं होतं आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल होते. आधीच्या डॉक्टरांनी आयबीएस सांगितलं होतं. म्हणजे आतडं दिसायला ठीक, पण वागायला चिडचिडं. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला त्यांना इतक्यांनी दिला होता, की आता त्याचंच टेन्शन यायला लागलं होतं.

दुसऱ्यांदा टेस्ट लावायची म्हणून मी आमच्या विभागप्रमुखांकडे गेले. सर ज्येष्ठ, हुशार आणि नव्या मशीनवर लगेच विश्वास न ठेवणारे.

“परत ती फुंकाफुंकी? आयबीएस आहे. समजावून सांग, औषध दे.”

“सर, त्यांचं बी-ट्वेल्व्ह कमी आहे.”

“इथे कोणाचं नाहीये? माझंही कमी आहे.”

“तुम्ही शाकाहारी आहात सर. त्या जवळजवळ रोज मासे खातात.”

सरांनी पेन खाली ठेवलं. लहान आतड्यात जिवाणू वाढले, की ते मासे-मटणातून आलेल्या बी-ट्वेल्व्हवर आधी हात मारतात. हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

“औषधं काय चालू आहेत?”

“आधी ‘काही नाही’ म्हणाल्या. मग सून म्हणाली, रोज सकाळी गॅसची कॅप्सूल. कधीतरी गुडघ्याच्या गोळ्यांबरोबर कोणीतरी लिहून दिली होती. गुडघ्याच्या गोळ्या थांबल्या, कॅप्सूल चालूच. कितीतरी वर्षं. मेडिकलवाला देतो.”

ही कॅप्सूल म्हणजे पोटातलं ॲसिड कमी करणारं औषध. गरजेला उत्तम. पण ॲसिड पोटाच्या दारावरचा वॉचमन असतो. अन्नाबरोबर आत शिरणारे बरेच जंतू तिथेच मरतात. वॉचमनला वर्षानुवर्षं रजेवर पाठवलं, तर आत गर्दी वाढू शकते. शिवाय बी-ट्वेल्व्हही नीट शोषलं जात नाही.

“कर टेस्ट,” सर म्हणाले. “पण पॉझिटिव्ह आली तर उड्या मारू नकोस. या टेस्टवर अजून वाद चालू आहेत.”

तेही खरंच होतं. आयबीएसच्या बऱ्याच पेशंटच्या मुळाशी हे जिवाणूच असतात, असं काही डॉक्टर म्हणत. बाकीचे म्हणत, की टेस्टच फसवी आहे, धडधाकट माणसातही कधीकधी पॉझिटिव्ह येते. मी मधे कुठेतरी उभी होते.

दुसऱ्या वेळी सविताने आदल्या दिवशी सासूला घराबाहेर सोडलंच नाही. सकाळी दातांना तंबाखूची मशेरीसुद्धा लावू दिली नाही. धर्मीबाई त्यामुळे जरा घुश्शातच आल्या.

पहिला आकडा अगदी कमी. हुश्श. त्यांनी ग्लुकोजचं पाणी एका दमात संपवलं आणि तोंड वाकडं केलं. मग कॉरिडॉरमधल्या बाकावर बसायचं आणि दर थोड्या वेळाने फुंकायचं. मधे झोपायचं नाही, फिरायचं नाही, खायचं नाही.

समोर कळंबोलीचे एक ट्रान्सपोर्टवाले काका बसले होते, आईला दाखवायला आलेले. ते टक लावून बघत होते. शेवटी म्हणाले, “मावशी, माझ्या लग्नाला तुमीच व्हता ना? उरणला?”

धर्मीबाईंनी त्यांना निरखलं. मग त्यांच्या बायकोचं नाव सांगितलं, सासूचं सांगितलं, आणि हळदीला कोण रुसून बसलं होतं तेही सांगितलं. काका खूश. “म्हना ना मावशी थोडं!”

धर्मीबाईंनी गळा साफ केला. मी केबिनमधून धावत बाहेर आले. “गाणं नाही! लांब श्वास घेतले तर आकडे बिघडतील.”

“ह्या डॉक्टरबायचा कायदा लय कडक हाय,” त्या काकांना म्हणाल्या.

पुढच्या फुंकरीला आकडा किंचित वर. त्याच्या पुढच्या फुंकरीला त्या फुंकायच्या आधीच म्हणाल्या, “आला. बघा, फुगला.” त्यांनी माझा हात पोटावर ठेवला. मघाशी मऊ असलेलं पोट ताणलं होतं. स्क्रीनवर आकडा सरळ वर गेला होता. पुढचा त्याहूनही वर.

मी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि समजावून सांगितलं. आतड्यात नको तिथे जंतू वाढलेत असं दिसतंय, तेच बहुतेक वायू करताहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “म्हंजी खरां हाय ना? मनाचा नाय ना?”

“खरं आहे, मावशी.”

त्यांनी पदर डोळ्याला लावला. सविता हसत होती आणि रडतही होती. “मॅडम, यांना घरात सगळे म्हणायचे, काम नको म्हणून नाटक करते. मी पण एकदा म्हटलं होतं.”

“एकदा नाय,” धर्मीबाई पदराआडून म्हणाल्या.

मी आतड्यातच राहणारं, रक्तात फारसं न जाणारं एक अँटिबायोटिक दिलं, बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली आणि कॅप्सूल बंद केली. कॅप्सूल सोडल्यावर सुरुवातीला छातीत जळजळ झाली. सविताचा घाबरून फोन आला. थोडे दिवस साधं ॲसिडिटीचं पातळ औषध चालवलं आणि तीही शमली.

कोर्स संपल्यावर त्या आल्या तेव्हा बातमी लुगड्याचीच होती. सकाळी नेसलेलं रात्रीपर्यंत तसंच राहतंय. मग खरं काम काढलं. बहिणीच्या नातीचं लग्न ठरलं होतं, ओव्यातच. नवरीच्या भावाने धवल्यांची, म्हणजे या लग्नगाण्यांची, सीडी लावायचं ठरवलं होतं. आवाज मोठा, कटकट नाही.

“सीडीला नवरीच्या आजीचा नाव ठावं हाय का?” धर्मीबाई तावातावाने म्हणाल्या. “मी जाव का नको, तेवढं सांगा.”

“जा. पण उपाशी राहायचं नाही. थोडं थोडं खायचं.”

मला आग्रहाचं आमंत्रण होतं. मी गेले. मांडवात धर्मीबाई पाटावर बसल्या होत्या. आवाज जाडसर, थोडा घोगरा. एकेक नाव घेत होत्या आणि ज्याचं नाव येई तो माणूस गर्दीत कुठेही असला तरी मान वळवून बघत होता. नवरीच्या मेलेल्या आजोबांचं नाव आलं, तेव्हा नवरीची आजी हुंदके द्यायला लागली. मी जवळजवळ सगळा वेळ तिथे होते. पोटविकारतज्ज्ञाने मांडवात बसून पेशंट उठतेय का, यावर लक्ष ठेवणं बरं दिसत नाही, पण मी ठेवलं. त्या उठल्या नाहीत.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “छान. आता पावसाळ्यानंतर त्या परत येतात का बघू.”

पावसाळ्यानंतर त्या आल्याच. पोट पुन्हा फुगायला लागलं होतं, पहिल्याइतकं नाही. हे जिवाणू परत येतात. पुन्हा कोर्स दिला, पुन्हा बरं वाटलं. पुढेही असं अधूनमधून चाललं. पण सुपाऱ्या त्यांनी नाकारल्या नाहीत.

या यशानंतर श्वासाच्या टेस्टला गर्दी झाली. खारघरचा एक सॉफ्टवेअरवाला मुलगा इंटरनेटवरून सगळं वाचून आला होता. लक्षणं अगदी तीच. त्याची टेस्ट निगेटिव्ह आली. दहावीला नापास झाल्यासारखा चेहरा करून तो म्हणाला, “मॅडम, परत करूया ना? मला खरंच होतं हो.”

त्याला खरंच होत होतं. त्याचा उपचार निराळा निघाला, वेळही जास्त लागला. आयबीएस हे त्रासाचं नाव आहे, कारणाचं नाही. कोणाच्या आतड्यात जिवाणू सापडतात, कोणाच्या नाही. पोट मात्र दोघांचंही फुगतं.