सोमवारी माकड, रविवारी आदाम

उत्क्रांतीचा धडा आला की आमचे बायोलॉजीचे सर अख्ख्या वर्गाला उभं करायचे. "हात मागं न्या, कण्याच्या पार खाली दाबा. लागलं का हाड? तिथं शेपूट होतं. लाजू नका, माझं बी होतं." पोरं खिदळायची. उदगीरच्या आमच्या कॉलेजात सगळे त्यांना माकडसर म्हणत आणि सरांना ते ठाऊक होतं. मी केमिस्ट्रीची, स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या शेजारी.

हेच माकडसर रविवारी त्यांच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पाळकसाहेब बाहेरगावी असले की उपदेश करायचे. आदामानं पाप केलं म्हणून मरण आलं, आणि जन्मणारं प्रत्येक लेकरू ते पाप घेऊनच येतं, बाप्तिस्म्याच्या पाण्यानंच ते धुतलं जातं, हे तितक्याच ठासून सांगायचे. मी लिंगायताची, पण माझं तोंड कुठं गप्प बसतंय! "सर, सोमवारी माकड आणि रविवारी आदाम. तुमचा खरा पूर्वज कोणता हो?" ते डबा उघडत म्हणायचे, "दोघं बी. डब्याचे दोन पुडे हायेत बाई. ह्यातलं त्यात सांडू द्यायचं न्हाई."

सांडलं ते रूथच्या बाळामुळं. रूथ त्यांची एकुलती एक लेक, देगलूरला दिलेली, बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ दूध ओढताना दमायचं. रूथ मागं लागली होती, "पप्पा, बाप्तिस्मा लवकर उरकून घेऊ." पण सरांची हौस दांडगी. सुगीच्या सणाला त्यांच्या देवळात गावोगावचे भाऊबंद कणसं, भोपळे, कोंबड्या घेऊन येतात, लिलाव होतो, पंगती उठतात. "तवाच करू. माझा नातू सगळ्यांनी बघू दे." सणाच्या आधीच बाळाला नांदेडला हलवावं लागलं. हृदयाच्या पडद्याला भोक होतं. बाळ गेलं.

मी दवाखान्यातच होते. रूथ रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "पप्पा, बाप्तिस्म्याशिवाय गेलं. लेकरू पाप घेऊन येतं, हे तुम्हीच शिकवलंय मला. मग माझं लेकरू आता कुठंय?" सर चष्मा पुसत राहिले. मला असा संताप आला, वाटलं गदागदा हलवावं या माणसाला. रूथ सासरी निघून गेली आणि तिनं बापाचा फोन घेणं बंद केलं.

मग वर्षभर सर तिच्यासाठी उत्तर शोधत फिरले. पाळकसाहेब म्हणाले, तुमचं सायन्स आधी सोडा. एक जुने प्राध्यापक मित्र म्हणाले, आदाम सोडा. "कुणाला सोडू, बाई? माणूस व्हायच्या कितीतरी आधीपासून जनावरं मरत आलीत, हे मी रोज शिकवतो. मग मरण पापानं आलं म्हणू कसं? अन् आदाम सोडला तर येशू कुणाचं पाप फेडायला आला?" डबा तसाच झाकलेला. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला होता आणि माझ्या हातात काही नव्हतं.

पुढच्या सुगीच्या सणाला सासूनं रूथला बळंच आणलं. मीही गेले. पाळकसाहेब हजर असूनही सर त्यांची परवानगी मागून उपदेशाला उभे राहिले. "हावरेपणा, हिसकून घेणं, हे आपण जनावरांकडून घेऊन आलो. त्यात अपराध न्हाई. वाईट हाय हे कळून बी माणसानं ते केलं, तवा तो आदाम झाला. मोठं होता होता आपण सगळेच आदाम बनतो. रूथ, तुझं लेकरू आदाम झालंच नव्हतं. पोटात त्याच्या हृदयाचा पडदा जुळला न्हाई, एवढंच. त्यात कुणाचंच पाप न्हाई. लेकरू देवाजवळ हाय."

पाळकसाहेब तडक उठून बाहेर गेले, मागोमाग बरीच मंडळी. रूथ सरांपाशी आली. मला वाटलं, आता गळ्यात पडेल.

"हे तुम्हाला दवाखान्यात ठाऊक नव्हतं, पप्पा?"

"पडद्याचं ठाऊक होतं. बाकीचं बोलायचा धीर झाला न्हाई."

"मी वर्षभर माझं लेकरू नरकात बघत होते," ती म्हणाली आणि निघून गेली.

सरांना पुन्हा उपदेशाला कुणी बोलावलं नाही. पावसाळा सरायच्या आत ते गेले. मातीला रूथ आली, कोपऱ्यात उभी राहिली. पाळकसाहेब कबरीपाशी आदामाच्या पापाचं सांगू लागले, तशी ती पुढं झाली.

"साहेब, ते राहू द्या. माझ्या पप्पांनी मला वेगळं सांगितलंय."