चकतीवरची हळद

शेषरावकाका गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी मानोऱ्याच्या शाळेत विज्ञानाचा तास संपवून बाहेर पडत होतो. दीड महिना झाला... कारंज्यातलं त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान अजून बंदच आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि तिथवर मला नेणारी जुनी सायकल त्यांनीच चालती ठेवली होती. पण आज आठवतोय तो नोकरी लागल्यानंतरचा पहिला दसरा.

मी नवी माउंटन बाइक घेतली होती. तिच्या ब्रेकला तार नव्हती. बारीक नळीतलं तेल दाब पुढे नेई आणि दोन पॅड चाकाजवळची स्टीलची चकती दोन्ही बाजूंनी आवळत. दसऱ्यानंतर चार दिवसांनी धनजच्या उतारावर ब्रेक दाबला, तर चकतीची नुसतीच किंचाळी, वेग कमी होईना! समोर एसटी... बाजूच्या तुरीच्या शेतात घुसलो म्हणून वाचलो.

काकांनी असा ब्रेक कधी उघडला नव्हता, आणि ते त्यांनी लपवलंही नाही. "हे आपन पहिल्यांदाच पाहून राह्यलो बाप्पा. बस."

नळीत हवा शिरली असणार, असं मी मोबाइलवर पाहून ठरवूनच आलो होतो. त्यांनी ब्रेकची दांडी दाबली, पुन्हा दाबली. "हवा असती तं स्पंजावानी दबली असती. हे तं दगड हाये." मग तेल गळतंय का म्हणून नळीच्या प्रत्येक सांध्यावर कागद फिरवून पाहिला. कागद कोरडाच. दुपार सरली, तसा माझा धीर सुटला. "काका, तुमाले जमत नसन तं अकोल्याले नेतो." बोललो आणि जीभ चावली.

त्यांनी मानही वर केली नाही. "ने ना. पन काय निघालं थे मले येऊन सांगजो. नाहीतं झोप नाही लागनार मले."

मी जागचा हललो नाही. त्यांनी चाक काढलं. चकतीच्या भोकांत काहीतरी पिवळं होतं. त्यांनी नखाने खरवडून वास घेतला. "हळद? अन् हे तेल कोनं चोपडलं बे?"

दसऱ्याच्या पूजेत माझ्या आईने ती चकती तेलाने पुसून हळदकुंकू लावलं होतं! घरी जाऊन तिला सांगतोच, असं मी म्हणालो, तेव्हा मात्र ते रागावले. "कायले? सगळ्यात चमकती वस्तू पुजली तिनं. तुले जपावं म्हूनच ना? पुढच्या खेपेले हँडलले लाव म्हन, बस."

चकती त्यांनी स्पिरिटने पुसली. तेल प्यालेले पॅड टाकून नवे मागवले. ते बसवल्यावर स्वतःच सायकलवर बसले आणि दुकानासमोर वीसेक वेळा पळवत, थांबवत राहिले... हसत.

वर्गात आज प्रश्न अडला की मी सरळ सांगतो, मलाही माहीत नाही, बघू या. हे मला पदवीने शिकवलं नव्हतं.

परवा दसरा झाला. आईने सवयीने हँडलला कुंकू लावलं आणि ती थबकली. "शेषरावनं सांगतलं म्हून इतके साल इथंच लावतो. पन त्या चकतीले काहून नाही रे लावाचं?"

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच विचारलं होतं. तुरीतली ती गोष्ट मी तिला कधी सांगितलीच नव्हती. मग मी पाना घेतला आणि चाक मोकळं करायला लागलो.

"बस माय. दाखवतो."