वरचा मजला गेलेला पेशंट

"सर, पेशंट जुना आहे! वरचा मजला पार गेलाय, पण पाय भक्कम वाटतायत!" मी खिडकीत उभा राहून फोनवर ओरडत होतो. भाईंदरच्या मिठागरांकडे नेटवर्क इतकं कमी, की फोनपेक्षा नुसत्या ओरडण्याने आवाज मीरा रोडला लवकर पोचावा. तेवढ्यात मागे दार धाडकन बंद झालं. बाहेरून कडी.

मी स्ट्रक्चरल ऑडिटर. म्हणजे इमारतींचा डॉक्टर. आमच्या सिल्व्हर पार्कच्या ऑफिसात इमारतीला पेशंटच म्हणतात. तडा म्हणजे ताप, गंजलेली सळई म्हणजे संधिवात. ही भाषा सगळीकडे खपते. फक्त ओसाड पडलेल्या मनोरुग्णालयात खपत नाही.

आणि मी नेमका तिथेच होतो. वरच्या स्लॅबला असं भोक, की उंट अलगद आत उतरवता आला असता. मालक ट्रस्टचं म्हणणं सरळ होतं. तळमजला धड असेल तर गावासाठी दवाखाना, नसेल तर सगळ्यावर बुलडोझर. रिपोर्ट आजच हवा होता.

गजाआडून बघितलं. बाहेर एक मावशी आणि तिची शेळी.

"मावशी, दार उघडा!"

"उघडते, बाला. आधी शांत हो. जेवलास काय?"

"अहो, मी इंजिनीअर आहे!"

"व्हय. मी आया होते इथं. सगले इंजिनीअरच होते. एक तर कलेक्टर होता. हातात काय हाय?"

"हातोडी. स्प्रिंगची. काँक्रीटला मारली की काँक्रीट तिला उलट ढकलतं. जास्त ढकललं म्हणजे मजबूत."

"भिंत उलट मारते?"

"हो! मग आकडा दिसतो."

मावशी शेळीकडे वळली. "आकडे पन दिसतात."

खरं बोलावं तितका मी गाळात. मी सरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. "सर, यांना सांगा मी कोण आहे!"

सरांना अर्धंच ऐकू गेलं असणार. "पेशंटला मध्येच सोडायचं नाही!" ते गरजले. "पूर्ण तपासल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही!" फोन कट.

"बघ," मावशी म्हणाली, "डॉक्टर पन तेच बोलतोय."

मग मात्र माझं डोकं फिरलं. माझा देह असा, की बेव्हर्ली पार्कच्या जिमवाल्याने मला बघून मशीनचा विमा उतरवला. तो अख्खा देह मी दारावर घातला. चौकट जागची हलली नाही. गजांना लोंबकळलो. गज ढिम्म. रागारागाने एकेका कॉलमला हातोडी मारत सुटलो. आकडे चांगले. सगळीकडे चांगले! प्लॅस्टरचा कपचाही पडेना. मी खाली बसून खो खो हसायला लागलो. बाहेर शेळी दोन पावलं मागे सरकली.

"मावशी," मी म्हटलं, "तळमजला टकाटक आहे. दवाखाना होणार तुमचा."

ती एकदम गजांशी आली. "दवाखाना? खरंच? बीपीच्या गोलीसाठी दोन रिक्षा बदलते मी." मग डोळे बारीक केले. "म्हंजे तू ट्रस्टनं धाडलेला मानूस? आधी न्हाय सांगायचं?"

"मघापासून काय सांगतोय!"

"तू भिंत मारते बोलत व्हतास."

कडी निघाली.

रिपोर्टात मी लिहिलं: वरचा मजला उतरवावा, तळमजला दुरुस्त करून वापरावा. दारावर देह घालून आणि गजांना लोंबकळून केलेल्या चाचणीचा उल्लेख टाळला. रीतसर फॉरमॅटमध्ये ती नाही.

दवाखाना झाला. उद्घाटनाला रांगेत पहिली मावशी. मला बघून तिने गर्दीच्या डोक्यावरून हाक दिली, "काय रं बाला, आता वरचा मजला बरा हाय ना?"

लोकांनी मला आदराने वाट करून दिली. जरा जास्तच रुंद.

तेव्हापासून साइटवर मी फोनवर फक्त 'इमारत' म्हणतो. आणि आत शिरण्याआधी बाहेरची कडी काढून खिशात ठेवतो.