पहिल्या खोक्यातल्या अक्षता
काल सुनेनं नवा मिक्सर आणला, आणि त्याच्या कोऱ्या खोक्याचा वास आला तशी मला शेजारणीची भेंडी आठवली. आमच्या कर्जतकडे तेव्हा एक व्यापारी यायचा, विमानानं दुबईला भेंडी पाठवायचा. त्या वर्षी त्यानं पहिल्यांदाच तिचा माल घेतला. हा पास झाला तर हंगामभर घेईन, असं बोलून गेला. आम्ही दोघी उजाडल्यापासून तिच्या पडवीत बसून बोटाएवढी कोवळी भेंडी निवडत होतो, हात नुसते चिकट झालेले. पहिलाच माल एवढ्या लांब चाललेला, तो तसाच कसा धाडायचा? मी आपल्या पहिल्या खोक्यात कुंकवाच्या चार अक्षता टाकल्या. दुसऱ्या दिवशी टेंपो भरलेलाच परत आला. "मावशी, विमानतळावर तपासणीत तांदूळ निघालं," ड्रायव्हर म्हणाला. "कागदावर नुसती भेंडी हाय. सगळाच माल परत." "भेंडीत तांदूळ कुठून येतील रं?" शेजारीण त्याच्यावरच उखडली. मी म्हटलं, "मीच टाकलं गं, शकुनाचं." तिनं ते पहिलं खोकं खाली उतरवलं. खोकं उघडलं तर भेंडी काळी पडायला लागलेली. तिनं त्यातल्या अक्षता एकेक करून वेचल्या, पदरात घेतल्या. "पायाखाली नको यायला," एवढंच बोलली. व्यापारी पुन्हा आला नाही. काल सून म्हणाली, "आई, मिक्सरला हळदकुंकू लावा ना." तबक समोर होतं, पण माझा हात काही उचलेना. म्हटलं, तूच लाव गं.