ठकीमावशीची सावड

"गोळी घेतली का गो?" ठकीमावशीचा हा प्रश्न म्हसा गावाजवळच्या आमच्या खेड्यात सगळ्यांना पाठ होता. मी विहिरीवर असो, कुणाच्या हळदीला असो, नाहीतर एस्टीत चढत असो, ती लांबूनच हाक मारून विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत हलायची नाही. मी मुळातच चिडकी. एकदा म्हटलं, "मावशी, आता गावात दवंडीच पिट." तर ती शांतपणे म्हणाली, "पिटली की. तू घेतली का ते सांग."

ती काही माझी सख्खी मावशी नव्हे. माहेर डोळखांबकडचं, नवरा लवकर गेलेला, घर आमच्या शेजारी आणि भाताचं खाचरही आमच्या खाचराला लागून. उंचीने एवढीशी, पण लावणीला तिच्या जोडीला उभं राहायचं म्हणजे भल्याभल्यांना घाम फुटायचा.

माझ्या मुलीच्या वेळी गरोदरपणात रक्त तपासलं आणि हिपॅटायटिस बी निघाला. बाळाला जन्मल्याबरोबर लस मिळाली, ती वाचली. माझ्या यकृताला मात्र सूज होती. डॉक्टरांनी बजावलं, रोज एक गोळी, आणि आपल्या मनाने बंद करायची नाही. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायच्या, पण तिथे पोचणं फुकट नव्हतं. जाण्यायेण्याचं भाडं, नवराबायकोची बुडालेली मजुरी, मधूनमधून बाहेर करायच्या तपासण्या. शिवाय घरात सासूबाईंनी माझं ताट आणि पेला वेगळा ठेवला होता. रोज भांडी घासताना ते ताट बाजूला उपडं घालायचं, याचा मला आजाराहून जास्त त्रास व्हायचा.

"किती दिस गोळ्या खाशील? कावीळ उतरवून का घेत नाय?" असं म्हणून तेव्हा याच मावशीने मला पलीकडच्या पाड्यावर कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. त्याने माझ्या हातांना कसलासा पाला चोळला, वरून चुन्याचं पाणी ओतलं, आणि खाली परातीत पिवळंधमक पाणी साचलं. मावशीचे डोळे भरून आले. "बघ गो, केवढी साठलेली. उतरली सगळी." खरं सांगते, मलाही तेच ऐकायचं होतं. लावणी तोंडावर आली होती, गोळ्या संपत आल्या होत्या आणि अंगात काही दुखत नव्हतं. मी गोळी बंद केली.

भात कापणीला आलं तेव्हा माझे डोळे पिवळे झाले. उलट्या सुरू झाल्या, उठून बसवेना. नवऱ्याने मला दवाखान्यात दाखल केलं आणि तो तिथेच राहिला. काही दिवसांनी मावशी आली. खाटेच्या कडेला बसली, पण माझ्याकडे बघेना.

"मी त्या कावीळवाल्याकडं परत गेलेली," ती म्हणाली. "म्हटलं, आता माझे हात धू. माझं पण पाणी पिवळं झालं गो. तुझ्यासारखंच. मला कुठं कावीळ?" मग म्हणाली, "मी तुला मारत होते."

मला तिचा राग आला होता, आणि त्याहून माझा. तेवढ्यात डॉक्टर आले, तर तिने त्यांनाच अडवलं. गोळी किती वर्षं, चुकली तर काय होतं, एका ताटात जेवलं तर लागतं का, सगळं विचारून घेतलं. "एका ताटात जेवून नाही लागत, आजी," डॉक्टर म्हणाले. ते वाक्य तिने नीट गाठीला बांधून नेलं.

मी घरी आले तेव्हा आमचं भात कापून, झोडून कणगीत भरलेलं होतं. तिने आधी आमचं कापलं होतं, आणि तोवर तिचं निम्मं शेतातच गळून गेलं होतं. आमच्याकडे सावडीचं काम दिवसाला दिवस असं फेडतात. तू माझ्या शेतात एक दिवस राबलीस की मी तुझ्या. मी म्हटलं, "मावशी, ताकद आली की तुझी सावड फेडते."

"शेतात नको येऊ. रोज एक गोळी घे. तीच माझी सावड."

पुढे दिराच्या लग्नात सासूबाईंनी मला नेहमीसारखं कोपऱ्यात वेगळं वाढलं. मावशी पंगतीतून उठली, माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्याच ताटातला वरणभात कालवून खाऊ लागली. खाता खाता सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिने पिवळ्या पाण्याची गोष्ट सांगितली, स्वतःची चूक जराही न लपवता. "मी अडाणी, मी फसले. तुमी फसू नका. आणि हिच्या ताटात जेवून काय नाय होत, डॉक्टर बोलला." दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझं ताट घरातल्या ताटांच्या चळतीत ठेवलं. तिचे उपकार मोजायचे तर मी त्या एका ताटापासून सुरुवात करीन.

दवाखान्याच्या दिवशी मुलगी तिच्याकडे असायची. माझी खुरपणी राहिली असेल तर संध्याकाळपर्यंत झालेली असायची. रिपोर्ट चांगला आला की ती तो उलटा धरून बघायची आणि मान डोलवायची.

गेल्या लावणीनंतर तिला धाप लागायला लागली आणि ती अंथरुणाला खिळली. मी पेज भरवत होते. भरवता भरवता म्हटलं, "मावशी, इतकी वर्षं झाली. तुझी सावड फिटली का गं आता?"

तिने पेजेची वाटी बाजूला सारली. "फिटली म्हणू नको गो. फिटली म्हणशील त्या दिवशी गोळी बंद करशील."

चार दिवसांनी ती गेली. माझी मुलगी आता कॉलेजात जाते, आणि मी आजही रोज भाकऱ्या थापायच्या आधी गोळी घेते. सावड अजून फिटलेली नाही.