मिस्त्रीचं ओके

त्या मिस्त्रीनं मला फसवलं. सोलापुरात माझे टॉवेलचे माग आहेत. एखादा बिघडला की तो येई. एका ‘ओके’वर त्याचं सगळं भागे: चहाला ओके, “माग ओके करतो”, “माल ओके निघंल”, मी रागावलो तरी ओके. मात्र दुरुस्तीनंतर एक अख्खा टॉवेल विणून बघितल्याशिवाय तो हलत नसे.

गेल्या महिन्यात मला घाई होती. चालू मागाला कान लावून तो म्हणाला, “मालक, एक टॉवेल निघू द्या की. आवाज बरा न्हाय.”

“ओके म्हण आणि नीघ!” मी ओरडलो.

त्यानं पाना पुसून पिशवीत टाकला. “ओके.”

सगळा माल विरळ निघाला, परत आला. ओरडलो मी, मान्य. पण आवाज त्याला ऐकू आला होता. मग तो ओके का म्हणाला? त्यानंच येऊन सांगावं.